इंधनाचा काटा खोटे बोलतो तेव्हा

प्रश्न : माझ्या जुन्या पेट्रोल गाडीची टाकी भरलेली असली तरी इंधनाचा काटा निम्म्यावरच राहतो आणि खड्ड्यात आदळल्यावर क्षणभर वर उसळतो. मीटर बदलावा का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : मीटर बदलण्याची घाई कृपया करू नका. काटा उसळतो, म्हणजे तो हलू शकतो. दोष बहुधा टाकीकडील जोडणीत असावा. टाकीतला फ्लोट, म्हणजे तरंगता भाग, इंधनाबरोबर वर-खाली होतो, त्याच्या दांडीचे टोक रोधपट्टीवर सरकते आणि बदलत्या विद्युतरोधानुसार काटा फिरतो. अनेक गाड्यांत भरलेल्या टाकीला रोध सर्वांत कमी असतो. त्यामुळे अर्थिंगच्या, म्हणजे टाकीकडील जोडणी गाडीच्या बॉडीला जोडणाऱ्या वायरीवर गंज चढून तिचा रोध त्यात मिळवला गेला, की काटा खालीच थांबतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत तांब्याच्या टोकांवर हिरवट थर हमखास चढतो, म्हणून आपल्या किनाऱ्यावर माझा पहिला संशय तिथेच असतो. इग्निशन बंद ठेवून मल्टिमीटरने अर्थिंगची वायर आणि गाडीची बॉडी यांमधील रोध मोजा. तो शून्याच्या जवळपास हवा. जास्त भरल्यास बॅटरीची ऋण वायर सोडवून टोके बारीक पॉलिश पेपरने घासा. टाकी मात्र स्वतः उघडू नका, पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. तापमानाचा काटाही सोबतच चुकत असेल, तरच मीटरकडे वळावे.