आईच्या अंगातल्या उष्णतेवर वाळा चालेल का?

तुम्ही विचारलंय: "आम्ही निपाणीला राहतो. आईचं वय 62. चैत्र लागला की तिच्या तळपायांची आग होते आणि या वर्षी लघवीलाही जळजळ होतेय. शेजारच्या काकू माठात वाळा टाका म्हणतात. आयुर्वेदात वाळ्याचा खरंच उपयोग सांगितलाय का? द्यायचा तर कसा?"

उपयोग सांगितलाय, आणि तो आईच्या तळपायांच्या तक्रारीला अगदी लागू पडणारा आहे. लघवीच्या जळजळीचं मात्र वेगळं आहे, त्यावर खाली लिहितो. ते वाचल्याशिवाय काही सुरू करू नका.

आमच्या मामांचं बेळगावात, शहापूरला काष्ठौषधीचं दुकान होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथंच असायचो. मार्च संपला की पोत्यांनी वाळा यायचा आणि सगळ्या दुकानाला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास सुटायचा. बैलहोंगल, सौंदत्तीकडचं गिऱ्हाईक "लावंच" मागायचं, खानापूरचं "वाळा". मामा दोघांनाही एकच प्रश्न विचारायचे, "माठातला हवाय की काढ्यातला?"

हा प्रश्न का, ते कळायला मला बरीच वर्षं लागली. वाळा नावाच्या दोन वेगळ्या वस्तू बाजारात आहेत. माठात टाकतो ते एका गवताचं मूळ. ऊस, जोंधळा, गवती चहा यांच्याच गोतावळ्यातलं हे गवत. संस्कृतात गवताला वीरण म्हणतात आणि त्याच्या मुळाला उशीर. हिंदीतला खस तो हाच. दुसरा काळा वाळा, म्हणजे सुगंधी वाळा. तो गवत नाहीच, भेंडी-जास्वंदीच्या कुळातलं झुडूप आहे. जुन्या ग्रंथांत त्याला ह्रीबेर, वालक किंवा उदीच्य म्हणतात. केरळाकडं तर ह्रीबेर म्हणून तिसरीच वनस्पती वापरतात.

त्यामुळं वैद्यांच्या चिठ्ठीवर "उशीर" आणि "वाळा" अशी दोन नावं एकाखाली एक आली की गिऱ्हाईक वाद घालायचं. खानापूरकडच्या एक आज्जी मला अजून आठवतात. "दोन्ही एकच की! दोनदा पैसे कशाला घ्यायला लागलायसा मालक?" मामांनी दोन्ही मुळं त्यांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "वास घेऊन बघा आज्जी." आज्जींनी दोन्हीचा वास घेतला आणि काही न बोलता पैसे दिले.

तापातल्या तहानेसाठी जे षडंगपानीय सांगितलंय, त्यात ही दोन्ही लागतात. नागरमोथा, पित्तपापडा, उशीर, चंदन, उदीच्य आणि सुंठ अशी सहा द्रव्यं. सहाही मिळून साधारण 12 ग्रॅम घ्यायची, पाऊण लिटर पाण्यात घालून निम्मं होईपर्यंत उकळायची, आणि ते पाणी गार करून ताप आलेल्या माणसाला तहान लागेल तसं थोडंथोडं पाजायचं. ताप आला की पाणी तोडायचं, अशी समजूत आमच्याकडच्या खेड्यांत कालपरवापर्यंत होती. त्या समजुतीपेक्षा हा जुना पाठ कितीतरी शहाणा आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं येतो. चरकसंहितेत द्रव्यांचे दहा-दहाचे गट केलेत. त्यातल्या दाहप्रशमन, म्हणजे आग शमवणाऱ्या गटात लाह्या, चंदन, ज्येष्ठमध, साखर, निळं कमळ, अनंतमूळ, गुळवेल यांच्या पंगतीत उशीर आहे. उशीर चवीला कडू आणि मागून किंचित गोड, गुणानं थंड, पित्त कमी करणारा. तळपायांची, डोळ्यांची, अंगाची आग, न भागणारी तहान, फार घाम येणं आणि घामाला वास येणं, घामोळं, उन्हात नाकातून रक्त येणं, या सगळ्यांत त्याचा वापर आहे. कांती सुधारणाऱ्या वर्ण्य गटातही त्याचं नाव येतं. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, कचोऱ्याबरोबर वाळा असतो, तो नुसता वासासाठी नाही.

पण माठातलं पाणी म्हणजे औषधाची मात्रा नव्हे. औषध म्हणून द्यायचं तर त्याला हिम म्हणतात. मूळ कुटून सहापट गार पाण्यात रात्रभर भिजवायचं आणि सकाळी गाळून प्यायचं. माठात मूठभर मूळ दहा-बारा लिटर पाण्यात पडतं. ते सुगंधी, गार, मनाला बरं वाटणारं पाणी आहे. घरातल्या सगळ्यांनी प्यावं, आईलाही भरपूर द्यावं. ग्रंथातला सगळा गुण मात्र त्या एका तांब्यात मोजू नये.

माठासाठी मूळ आधी दोन-तीन पाण्यांतून धुवा, त्यात माती फार असते. मलमलच्या फडक्यात सैल पुरचुंडी बांधून माठात सोडा. दोन-तीन दिवसांनी काढा, उन्हात कडकडीत वाळवा आणि पुन्हा वापरा. वास गेला किंवा मूळ बुळबुळीत लागलं की फेकून द्या. तळपायांना वाळा आणि चंदन सहाणेवर गुलाबपाण्यात उगाळून, किंवा बारीक पूड कालवून, पातळ लेप लावा. रात्री झोपण्याआधी अर्धा तास पुरे. माझ्या आज्जीला अथणीच्या उन्हात याच लेपानं झोप लागायची.

उशीरासव बाटलीत तयार मिळतं. ते रक्तपित्तावर, म्हणजे अंगातून कुठूनही होणाऱ्या रक्तस्रावावर सांगितलंय. जेवणानंतर 12 ते 24 मिली, तितक्याच पाण्यातून देतात. त्यात साखर आणि मध भरपूर असतो, आणि आंबवलेलं असल्यानं थोडं मद्यही. आईला साखरेचा त्रास असेल तर वैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. नाकातून किंवा लघवीतून रक्त दिसलं, तर आसवाच्या भरवशावर घरी थांबू नका.

आता जळजळीचं. 2016 च्या उन्हाळ्यात माझ्या आईलाही असंच झालं. उष्णता आहे म्हणून मी आठ दिवस वाळ्याचं पाणी आणि धने-जिऱ्याचं पाणी देत राहिलो. पहिले दोन दिवस तिला बरं वाटलं, म्हणून मी निश्चिंत झालो. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि पाठीत दुखायला लागलं. तपासणीत लघवीचा जंतुसंसर्ग निघाला, तो वर मूत्रपिंडापर्यंत गेला होता. चार दिवस सलाईन आणि प्रतिजैविकं लागली. वाळ्यानं अपाय केला नाही. पाणी जास्त पोटात गेल्यानं जळजळ कमी झाली आणि खरा आजार मला दिसला नाही. चूक माझी होती, आणि ती तुमच्या हातून होऊ नये म्हणूनच एवढं लांबण लावलंय.

म्हणून आधी आईची लघवी आणि रक्तातली साखर तपासून घ्या. तळपायांची आग साखर वाढल्यानंही होते, ते या वयात विसरून चालत नाही. दोन्ही ठीक निघालं तर वाळा बिनघोर सुरू करा. औषध म्हणूनच द्यायचं असेल, तर बेळगावला शहापुरात कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथं वैद्यांना दाखवून मात्रा ठरवून घ्या. तिथले विद्यार्थी मामांच्या दुकानी मुळं ओळखायला यायचे, म्हणून मला त्या जागेचा जिव्हाळा आहे.

हिरवं खस सरबत आणून वाळा दिल्याचं समाधान मानू नका. खऱ्या वाळ्याचं पाणी फिकट पिवळसर होतं, तो हिरवा रंग वरून घातलेला असतो आणि बाकी बहुतेक साखर.

आणि जुडी घेताना नुसती नाकाला लावून घेऊ नका. तेल काढून घेतलेली मुळंही दिसायला तशीच असतात, आणि कोरड्या मुळाचा वास तसाही दबलेला असतो. दोन काड्या मोडा, पाण्याचं बोट लावा, तळहातावर चोळा आणि मग वास घ्या. दुकानदारानं नको म्हटलं तर पुढच्या दुकानात जा.