कार्डावरचा ‘क्षार’ कोणता?

सांवेरकडच्या एका काकांचा प्रश्न आहे: “माती परीक्षणाच्या कार्डावर ‘क्षारीय’ आलंय. क्षार म्हणजे मीठ, ते धुऊन जाईल म्हणून वाफे बांधून पाणी भरलं. चार दिवस पाणी जिरलं नाही आणि आता वरचा थर पाटीसारखा टणक झालाय. माझं चुकलं काय?”

काका, चूक भाषेची आहे, आणि इंदुरातल्या आपल्या मराठी घरांमध्ये ती हमखास होते. मराठी शाळेत आपण आम्ल, आम्लारी आणि क्षार असे तीन शब्द शिकतो. तिथे क्षार म्हणजे मीठ. कार्ड छापलंय हिंदीत. हिंदीत मिठाला ‘लवण’ म्हणतात आणि ‘क्षारीय’ ही आपली चोपण जमीन. तुम्ही खारवट जमिनीचा इलाज चोपण जमिनीवर केलात.

कार्डावरचे दोन आकडे बघा. सामू (म्हणजे पीएच) ८.९ आणि ईसी (म्हणजे विद्युतवाहकता) ०.६. ईसीवरून विरघळलेलं मीठ कळतं, आणि ते तुमच्याकडे फारसं नाहीच. दुखणं सामूत आहे. ७ म्हणजे ना आम्ल ना विम्ल (विम्ल म्हणजे आम्लाच्या उलट, आम्लारीच्या गुणाचं), आणि पुढचा एकेक अंक दहा पटींचा, ७.९ आणि ८.९ यांना शेजारी समजू नका. चोपण रानात सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो. नुसतं पाणी दिलं की कण सुटे होतात, बारीक भोकं बुजतात आणि वाळल्यावर तुम्ही म्हणता तशी पाटी तयार होते.

इथे जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) लागतं. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि मोकळं झालेलं सोडियम सल्फेट पाण्याबरोबर खाली निघून जातं. आता पाणी भरा, पण चर काढून. पाण्याला वाट नसेल तर जिप्समवर पैसे घालू नका. किती पोती लागतील ते प्रयोगशाळेकडूनच काढून घ्या, शेजाऱ्याला विचारून नको.

ता. क.: क्षार सगळे एका स्वभावाचे नसतात. आम्ल आणि आम्लारी एकत्र येऊन क्षार होतो, आणि दोघांत जो जबरदस्त त्याचा गुण उतरतो. खायचं मीठ उदासीन, धुण्याचा सोडा विम्ल, तर अमोनियम सल्फेट आम्लाकडे झुकतं.

महूच्या एका ताई लिहितात, सोयाबीनची वरची कोवळी पानं पिवळी पडली आहेत, शिरा मात्र हिरव्या. दुकानदार म्हणतो जमीन आंबट झाली, चुना टाका.

ताई, चुना राहू द्या. वावरातलं एक सुकं ढेकूळ ताटलीत फोडा आणि त्यावर अर्धं लिंबू पिळा. फसफसून बुडबुडे आले तर मातीत चुनखडी आहेच. लिंबातल्या आम्लाने ती विरघळते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत हे नेहमी दिसतं. (बुडबुडे आले नाहीत म्हणून जमीन आंबट ठरत नाही हं, त्यासाठी सामूच मोजावा लागतो.) अशा मातीत लोह असतं, पण विरघळत नाही, म्हणून मुळांना मिळत नाही. तुमच्या पानांचं लक्षण त्याचंच आहे. १५ लिटरच्या पंपात आधी १५ ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक आम्ल) विरघळवा, मग ७५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार), आणि संध्याकाळी फवारा. बोअरचं पाणी बहुधा विम्ल असतं. लिंबूफुलाशिवाय त्यात हिराकस गंजासारखं तांबूस होऊन खाली बसतं. हिरवट हिराकसच घ्या, पिवळं पडलेलं परत करा.

देपालपूरचे बागायतदार विचारतात, बोर्डो (मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि चुना यांचं बुरशीनाशक मिश्रण) फवारल्यावर लिंबाची पानं का करपली?

मला संशय चुन्याचा आहे. उघड्या पोत्यात पडलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू खडूच होतो, आणि मग मोरचुदाचा आंबटपणा त्याला आवरत नाही. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो ताजा कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. दोन्ही निरनिराळ्या प्लास्टिकच्या टिपांत कालवा, लोखंडाच्या नको. चुन्याची निवळी गाळून घ्या, दोन्ही धारा एकदम तिसऱ्या टिपात सोडा, ढवळत राहा. मग स्वच्छ घासलेला विळा मिनिटभर त्यात बुडवून बाहेर काढा. पात्यावर तांबूस लेप दिसला तर मिश्रण अजून आंबट आहे, तांबं लोखंडावर येऊन बसतंय. थोडी थोडी निवळी घालत पुन्हा पुन्हा बुडवा. पातं कोरं निघालं की पंप भरा, आणि उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.