सर्वात लहान आणि क्वचितच दिसणारा व्हेल कोणता? त्याची वैशिष्ट्ये काय आहेत?

डॉल्फिन आणि पॉरपॉइज (डॉल्फिनसारखेच छोटे समुद्री सस्तन प्राणी) बाजूला ठेवले तर उत्तर आहे ड्वार्फ स्पर्म व्हेल. मला हा प्राणी जाम आवडतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. मोठ्या स्पर्म व्हेलचा नर साधारण 16 मीटरचा होतो आणि हा त्याचा नातेवाईक जेमतेम 2.7 मीटरचा, काही डॉल्फिनसुद्धा याच्यापेक्षा मोठे असतात.

उष्ण आणि समशीतोष्ण पट्ट्यातल्या सगळ्या महासागरांत हा आहे, पण दिसत नाही, कारण वर आला तरी ओंडक्यासारखा निपचित पडून राहतो, श्वासाचा फवारा जवळपास दिसतच नाही आणि खाली जाताना शेपटी वर न काढता आहे तसा गुपचूप बुडतो. समुद्र अगदी शांत असेल तरच नजरेला पडणार.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे याची शाई! आतड्याच्या शेवटी एक पिशवी असते, तिच्यात लालसर तपकिरी द्रव साठवलेला असतो, घाबरला की तो सोडून पाणी गढूळ करतो आणि त्याआड निसटतो. माकूळ (स्क्विड) हेच करतं, आणि गंमत बघा, याचं मुख्य खाणं माकूळच. देवमाशांत ही युक्ती फक्त याच्याकडे आणि याच्या भावाकडे, म्हणजे पिग्मी स्पर्म व्हेलकडे आहे. शिवाय डोळ्यामागे कल्ल्यासारखी फिकट खूण आणि खाली दडलेला बारीक जबडा, त्यामुळे किनाऱ्याला लागलेला बघून लोकांना शार्कच वाटतो.

आपल्याकडचा संबंधही आहे. वॉल्टर एलियट या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1853 मध्ये विशाखापट्टणमला मिळवलेल्या नमुन्यावरून रिचर्ड ओवेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1866 मध्ये याचं वर्णन केलं, तरी पुढची शंभर वर्षं बरेच जण याला पिग्मीच समजत होते, 1966 मध्ये दोघं वेगळे हे पक्कं झालं. ओळखायचं तर पाठीवरचा पर बघा, ड्वार्फचा उंच आणि पाठीच्या मध्याजवळ, पिग्मीचा बुटका आणि मागे सरकलेला.

आवाजही लपलेलाच. याचे क्लिक 130 किलोहर्ट्झच्या आसपास असतात, माणसाचा कान 20 लाच थांबतो. ओर्कालाही (शिकारी किलर व्हेल) एवढा वरचा आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्यापासून वाचायलाच ही सोय झाली असावी असं शास्त्रज्ञांना वाटतं. आता पाण्याखाली मायक्रोफोन सोडून याच क्लिकवरून यांचा माग काढतात, फक्त तो ड्वार्फ की पिग्मी हे नुसत्या आवाजावरून सांगणं फार अवघड जातं.