क्वेस्ट २ लॅपटॉपला जोडला की काळा पडदा येतो, वायफायवर चित्र अडखळतं. दोष हेडसेटचा की लॅपटॉपचा?

क्वेस्ट २ या मेटाच्या व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटबद्दल तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत. केबल लावली की काही मिनिटांनी पडदा काळा होतो, केबल काढून वायफायवर गेलं की चित्र अडखळतं, आणि संध्याकाळी कंट्रोलर (हातात धरायची साधनं) चित्रात भलतीकडे उडतात. तिन्हींची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे सगळं बरं करणारी एकच सेटिंग शोधत बसू नका.

आधी केबल काढून, हेडसेटमध्येच उतरवलेला एखादा गेम अर्धा तास खेळून बघा. तो सुरळीत चालला तर हेडसेट बहुधा निर्दोष आहे आणि सर्व्हिस सेंटरला जायची घाई नको.

क्वेस्टला ग्राफिक्स कार्डातून थेट चित्र मिळत नाही. लॅपटॉपचं कार्ड दृश्य तयार करतं, लगेच त्याचा आकुंचित व्हिडिओ बनवतं, तो यूएसबी किंवा वायफायवरून जातो आणि हेडसेट तो पुन्हा उलगडून दाखवतो. ९० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ९० चित्रांच्या वेगावर, नवी फ्रेम (एकेक चित्र) दर ११.१ मिलिसेकंदांनी तयार व्हावी लागते. चित्र असं व्हिडिओ म्हणून जात असल्यामुळे तुमच्या टाइप-सी पोर्टला डिस्प्लेची सोय आहे की नाही, हा प्रश्नच इथे येत नाही. व्हॉल्व्ह इंडेक्स किंवा रिफ्ट एस या दुसऱ्या हेडसेटना डिस्प्लेपोर्ट (ग्राफिक्स कार्डातून थेट चित्र देणारा पोर्ट) लागतो. त्यांच्यासाठी दिलेले सल्ले वाचून ॲडॉप्टर विकत घेऊ नका.

आता काळा पडदा. तो नेमका कधी येतो आणि त्या क्षणी लॅपटॉप काय आवाज करतो, याकडे लक्ष द्या. पेनड्राइव्ह काढल्यावर विंडोज जो आवाज करतं, तोच ऐकू आला तर यूएसबीची जोडणी तुटली आहे. काही मिनिटं चालून बंद पडतं म्हणजे मला तुमच्याकडे हेच होत असावं असं वाटतं.

क्वेस्ट २ च्या खोक्यातली केबल मुळात चार्जिंगची आहे, तिचा वेग यूएसबी २ चा. तिच्यावर लिंक (लॅपटॉपवरचे व्हीआर गेम हेडसेटमध्ये दाखवणारी मेटाची सोय) चालतं, पण डेटाला जागा कमी पडते. मेटाच्या पीसी ॲपमध्ये डिव्हाइसेसमध्ये जाऊन हेडसेट निवडा आणि यूएसबी टेस्ट चालवा. आकडा १ गिगाबिटच्या वर गेला तर जोडणी यूएसबी ३ ची आहे. काहीशे मेगाबिटवर अडकला तर यूएसबी २ ची. केबल चांगली असूनही आकडा कमी येत असेल तर टाइप-सीचं टोक उलटं करून लावा, कारण एका बाजूच्या पिना मळल्या असतील तर जोडणी यूएसबी २ वर उतरते. टाइप-ए टोक अगदी हळूहळू सरकवलं तरीही असं होऊ शकतं, ते एका दमात आत घाला. हब आणि एक्स्टेन्शन बाजूला ठेवा, डेस्कटॉप असेल तर मागचा पोर्ट वापरा. साधी तांब्याची यूएसबी ३ केबल ३ मीटरच्या पुढे बेभरवशाची होते. मेटाची स्वतःची ५ मीटरची केबल आतून ऑप्टिकल फायबरची आहे, ती महाग असण्याचं एक कारण हेच.

केबल ठीक निघाली तर विंडोजची वीजबचत बंद करा. डिव्हाइस मॅनेजर उघडा, युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्सखाली प्रत्येक यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि पॉवर मॅनेजमेंटमधली 'कॉम्प्युटरला हे उपकरण बंद करू द्या' या अर्थाची टिकमार्क काढा. मग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड डिसेबल करा. लॅपटॉप चार्जरवर असू द्या. बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीनं चालत नाही.

पडदा पहिल्यापासूनच काळा असेल आणि फक्त लोडिंगचे ठिपके फिरत असतील तर संशय ग्राफिक्सवर घ्या. गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, प्रोसेसरमधलं आणि वेगळं कार्ड. विंडोज सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेनं जा, ऑक्युलसच्या (हे मेटाच्या व्हीआरचं जुनं नाव) फोल्डरमधली सपोर्ट, मग ऑक्युलस-रनटाइम या फोल्डरातली 'ओव्हीआरसर्व्हर' नावाची फाइल जोडा आणि तिला हाय परफॉर्मन्स द्या. ड्रायव्हर नवा टाकल्यापासून बिघाड सुरू झाला असेल तर आधीच्या आवृत्तीवर जा. हेडसेट आणि पीसी ॲप यांच्या आवृत्त्यांमध्ये अंतर पडलं तरीही लिंक सुरू होत नाही. दोन्ही अपडेट करा आणि पब्लिक टेस्ट चॅनल (चाचणीच्या आवृत्त्या आधी देणारी सेटिंग) बंद ठेवा. तेवढ्यानं न भागल्यास विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये ऑक्युलस व्हीआर रनटाइम सर्व्हिस रीस्टार्ट करा. अख्खा लॅपटॉप रीस्टार्ट करण्यापेक्षा हे लवकर होतं.

लिंकचं होम दिसतं पण गेम हेडसेटमध्ये येत नाही, ही वेगळी गोष्ट. गेम चुकीचं ओपनएक्सआर रनटाइम (गेम आणि हेडसेट यांना जोडणारं सॉफ्टवेअर) वापरतोय का ते तपासा. मेटाच्या ॲपमध्ये आणि स्टीमव्हीआरमध्ये (स्टीम या गेमच्या दुकानाचं व्हीआर सॉफ्टवेअर), दोन्हीकडे 'हेच रनटाइम वापरा' असं बटण असतं आणि शेवटी दाबलेलं लागू होतं. स्टीमवरचे गेम खेळायचे तर मेटाच्या ॲपमध्ये अननोन सोर्सेसही (मेटाच्या दुकानाबाहेरचे गेम चालू देणारी सेटिंग) चालू हवं.

वायफायवरच्या अडखळण्याकडे येऊ. घरात इंटरनेट ३०० एमबीपीएसचं आहे असं तुम्ही लिहिलंय, पण त्याचा इथे काडीचा संबंध नाही. व्हिडिओ लॅपटॉपमधून राउटरकडे आणि राउटरकडून हेडसेटकडे जातो, इंटरनेटवर नाही. लॅपटॉपही वायफायवर असेल तर एकाच हवेतून दोनदा प्रवास होतो, म्हणून लॅपटॉप लॅन केबलनं राउटरला जोडा. मग विंडोजमध्ये इथरनेटचा लिंक स्पीड बघा. तिथे १००० ऐवजी १०० दिसलं तर अडथळा सापडला. कनेक्शनसोबत मिळालेल्या बऱ्याच स्वस्त राउटरचे लॅन पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात, आणि कधी केबलमधल्या आठपैकी चारच तारा नीट जोडलेल्या असल्या तरी हाच आकडा येतो. राउटर त्याच खोलीत हवा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगळी करून हेडसेट ५ वर टाका, चॅनेलची रुंदी ८० मेगाहर्ट्झ ठेवा. इतकं करूनही अडखळलं तर एअर लिंकचा (वायफायवरच्या लिंकचा) बिटरेट, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, १०० एमबीपीएसच्या आसपास खाली आणा. चित्र किंचित मऊ दिसेल पण स्थिर राहील, आणि मळमळ टाळायची तर मला स्थिरपणा जास्त महत्त्वाचा वाटतो.

केबलवरही अडखळत असेल तर कार्डाला काम झेपत नाहीये. मेटाच्या ॲपमध्ये ७२ हर्ट्झ निवडा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला १३.९ मिलिसेकंद मिळतात. रिझोल्यूशन एकाच ठिकाणी बदला. मेटाच्या ॲपमध्ये वाढवलं आणि स्टीमव्हीआरमध्येही वाढवलं तर दोन्ही एकावर एक चढतात आणि कार्डाचा जीव जातो. फ्रेमरेट नेमका ४५ वर चिकटलेला दिसला तर तो बिघाड नाही. कार्ड ९० गाठू शकत नाही म्हणून सॉफ्टवेअर निम्म्या फ्रेम स्वतः अंदाजानं भरतंय.

कंट्रोलरचं उत्तर तुमच्या खोलीतल्या दिव्यांत आहे. क्वेस्ट २ च्या कंट्रोलरच्या कड्यात इन्फ्रारेड एलईडी असतात आणि हेडसेटचे कॅमेरे ते ठिपके शोधतात. दिवाळीतल्या लाइटच्या माळा, आरसा, चकचकीत काचेचं कपाट यांमुळे खोटे ठिपके दिसतात. माळा विझवा, आरशावर चादर टाका. हेडसेटच्या ट्रॅकिंग सेटिंगमध्ये फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ निवडा, भारतात वीज तीच आहे. अंधार करू नका, कॅमेऱ्यांना भिंती दिसाव्या लागतात. एकच हात उडत असेल तर त्या कंट्रोलरचा सेल बदला. मात्र रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असल्यामुळे ते भरलेले असतानाही टक्केवारी कमी दिसू शकते, तिच्यावर विसंबू नका.

फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी करा. त्यानं हेडसेटवरचे गेम आणि क्लाउडवर न गेलेली प्रगती पुसली जाते, आणि लॅपटॉपच्या बाजूचा दोष आहे तसाच राहतो.