मालवणला मे महिन्यात जाताय? आधी तिथी बघा

प्रश्न असा आहे: "मे महिन्यात दोन दिवस मालवणला चाललोय. वॉटर स्पोर्ट्स नकोत, महागडं रिसॉर्ट नको. मासे, काहीतरी थंड प्यायला आणि जमलं तर होडीतून फेरी, एवढंच हवंय. कसं जमवावं?"

मे महिन्यात तिथे याहून जास्त काही करायचं नसतंच. दहानंतर वाळूवर पाय ठेववत नाही. माझं आजोळ देवबागचं, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथलं. म्हणून खोली बुक करण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा, असं सांगतोय.

आमच्याकडे भरतीचं गणित तोंडी करतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. साधारण त्या वेळेला पूर्ण भरती, दिवसा आणि रात्रीही. त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर सुकती, म्हणजे ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, पण खाडीत जायला एवढा हिशेब पुरतो.

हे मला कसं कळलं? कॉलेजात असताना आम्ही तिघे मावसभाऊ सकाळी आठला मामाची होडी कुणाला न विचारता घेऊन निघालो. अर्ध्या तासात ती खाडीतल्या वाळूवर बसली ती बसलीच. वल्ह्याने ढकलून हात सोलले. मामा काठावरून बघत होता. "तिथी बगलंस काय रे? पंचमी आज. पावणेचाराक भरती. बसा आता वायच!" असं ओरडून तो चहाला निघून गेला.

दोन तास तिथेच काढायचे म्हणून वाळू उकरत बसलो, तर टाचेला तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, लागल्या. पायाने वाळू घुसळायची, कडक काही लागलं की वाकून उचलायचं. होडी तरंगली तोवर शर्टाचं गाठोडं भरलं होतं.

तिसऱ्या तीन-चार पाण्यांत खळखळून धुवायच्या. विळीवर उघडायचा धीर नसेल तर थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवा, तोंडं आपोआप उघडतात. मांस असलेली शिंपी ठेवायची, रिकामी टाकून द्यायची, म्हणून या पदार्थाला एकशिपी म्हणतात. भरपूर कांदा, भाजलेलं खोबरं, मालवणी मसाला आणि दोन-तीन सोलं, बस. पाणी घालू नका, तिसऱ्यांचंच सुटतं. मीठही शेवटी चव बघून, कारण खाडी आत आलेली असते. चमचा तर नकोच, शिंपीनेच ओरपायचं.

बाकी मासळीचं म्हणाल तर सुरमई-पापलेटच्या मागे लागू नका. सुट्टीत त्यांचे भाव पर्यटकांसाठीच चढतात. घरगुती खानावळीत तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आहे का विचारा. नसेल तर सौंदाळे तळून मागा. काटे जास्त, पण चव विसरणार नाही.

प्यायला सोलकढी आहेच, पण ती वर्षभर मिळते. मे महिना रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा. रातांबा फोडून बिया काढायच्या, सालीच्या वाटीत साखर भरायची आणि काचेच्या बरणीत थर लावून उन्हात ठेवायची. आठवड्याभरात लालभडक पाक सुटतो. त्यात गार पाणी, चिमूटभर मीठ आणि जिऱ्याची पूड. खानावळवाल्या काकूंकडे अशी बरणी असतेच, लाजू नका, मागा. दुसरं काही प्यायचं असेल तर याच दिवसांत गोव्याकडे काजूच्या बोंडांची उराक मिळते, पहिल्या धारेची. मिरची, मीठ आणि लिंबू घालून सावलीत बसून प्यावी. बाटली तिथेच संपवा, हद्दीवर तपासणी असते. आणि उराक पिऊन होडीत बसायचं नाही.

आता तारीख. पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरची तृतीया-चतुर्थी साधा. सकाळी आठ-नऊला सुकती, पाणीही लांबवर ओसरलेलं, तेव्हा तिसऱ्या. दुपारी दोन-तीनला भरती, म्हणजे चारला होडीत बसलात तर खाडी अजून भरलेली असते. इंजिनाच्या बोटीऐवजी वल्ह्याची होडी मिळते का बघा. पैसे थोडे जास्त मोजावे लागले तरी चालतील, दोन्ही काठांवरच्या माडांतले पक्षी तरी ऐकू येतात. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि संगमाच्या तोंडाशी पोहायला उतरू नका. तिथलं पाणी वरून शांत दिसतं, खालून ओढतं.

मेचा शेवटचा आठवडा मात्र टाळा. 1 जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते, त्याआधीच वारा फिरतो आणि होड्या वर ओढायला सुरुवात होते.

तारखा ठरल्या की खाली लिहा, पाऊणपट मी करून देतो.