औषधाचा नेम कुठे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मॅडम, नमस्कार. पिंपळगाव बसवंतजवळ आमची द्राक्षबाग आहे. आईचं वय ७१. तरुणपणी टीबी होऊन बरा झाला होता. आता फुप्फुसातल्या त्याच जुन्या पोकळीत बुरशी वाढल्याचं नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल सुरू केल्या. नाव वाचून चमकलो, कारण भुरी या वेलीवरच्या बुरशीरोगावर आम्ही हेक्साकोनाझोल मारतो. दोन्ही एकाच जातीची आहेत का? आमच्या फवारणीमुळे आईची औषधं लागू पडणार नाहीत, असं होऊ शकतं का?

उत्तर : औषधशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, पण वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. हो, दोन्ही एकाच जातीची. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल लागतं. आपल्या पेशी त्या जागी कोलेस्टेरॉल वापरतात. एर्गोस्टेरॉल तयार करणारं एक एन्झाइम असतं, आणि या जातीची सगळी औषधं, म्हणजे ‘अझोल’, नेमकं तेच अडवतात. वेलीवरची भुरी असो की आईच्या छातीतली ॲस्परजिलस नावाची बुरशी, नेम एकाच जागी.

बुरशी जीवाणूंपेक्षा आपल्या जास्त जवळची. तिच्यात आहे आणि आपल्यात नाही, असं फार थोडं सापडतं. म्हणून बुरशीवरची औषधं मोजकीच आहेत. २०२१च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीच्या रुग्णांसाठी ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांमागे लोक कसे वणवण फिरत होते, ते नाशिककरांना सांगायला नको. तेही औषध एर्गोस्टेरॉललाच जाऊन चिकटतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही ‘होऊ शकतं’ असंच आहे. ॲस्परजिलस द्राक्षाचा रोग नाही. ती मातीत, शेणखतात, कुजणाऱ्या पाल्यात राहते. तुम्ही भुरीला मारता, तेव्हा तिच्यावरही थोडं औषध पडतं. त्यातून ज्या बुरशीच्या एन्झाइमची ठेवण बदललेली असते ती तगते, तिचे बीजाणू हवेत उडतात आणि श्वासातून आत जातात. नेदरलँड्समध्ये हे आधी ध्यानात आलं. २०१२ पर्यंत आपल्या देशातही रुग्णांत आणि मातीत तशीच अझोलला न जुमानणारी ॲस्परजिलस सापडली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली धोकादायक बुरशींची यादी काढली, तिच्या पहिल्या गटात ही आहे. तुमच्या आईची बुरशी तुमच्याच बागेतली आहे असा अर्थ मात्र काढू नका. कॅप्सूलने उतार पडला नाही, तर थुंकीचं कल्चर करून कोणतं औषध लागू पडेल ते तपासता येतं का, हे डॉक्टरांना विचारा.

आता ज्याने मी खरोखर चिडते ते सांगते. बऱ्याच वर्षांनी एका नव्या जागी नेम धरणारं औषध आलंय, ओलोरोफिम. डीएनए-आरएनएसाठी लागणारा कच्चा माल बनवणारं बुरशीचं एक वेगळंच एन्झाइम ते बंद पाडतं. रुग्णांवर त्याच्या चाचण्या चालू असतानाच, २०२२ मध्ये अमेरिकेत इप्फ्लुफेनोक्विन नावाच्या शेतीच्या बुरशीनाशकाला परवानगी मिळाली. तेही त्याच एन्झाइमवर बसतं! आणि या शेतीऔषधाला सरावलेली ॲस्परजिलस ओलोरोफिमलाही दाद देत नाही, हे प्रयोगशाळेत दिसून आलंय. आपल्याकडेही शेतीच्या औषधांची नोंदणी फरिदाबादला होते आणि माणसांच्या औषधांची दिल्लीला. एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलाने वाचायला काय हरकत आहे?

तुमच्यापुरतं सांगायचं, तर ग्रुप बदलून, म्हणजे वेगळ्या जागी नेम धरणारी औषधं आलटून पालटून, फवारणी करा. ढग आले की लगेच कोनाझोल, ही सवय सोडा. शेणखत पसरताना आईला बागेत नेऊ नका. साधी कॅप्सूल जेवणासोबत घ्यायची, ॲसिडिटीच्या गोळीबरोबर नाही. त्यांना कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. या औषधाचं काही गोळ्यांशी अजिबात पटत नाही.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी ६८ वर्षांचा, नाशिकरोडला राहणारा निवृत्त कर्मचारी. जॉगिंग ट्रॅकवरचे एक मित्र म्हणतात की रॅपामायसिन या औषधाने म्हातारपण लांबणीवर पडतं. मुलगा परदेशातून पाठवायला तयार आहे. घ्यावं का?

उत्तर : घेऊ नये. पण या औषधाची कहाणी ऐकण्याजोगी आहे. १९६४ मध्ये कॅनडाची एक मोहीम ईस्टर बेटावर गेली आणि तिथली माती घेऊन आली. त्या मातीतल्या जीवाणूपासून अविभाजित पंजाबात जन्मलेले सुरेंद्रनाथ सहगल यांनी हे द्रव्य वेगळं केलं. शोध बुरशीवरच्या औषधाचा होता! पण ते प्रतिकारशक्तीही दाबतं असं दिसलं आणि बुरशीचं औषध म्हणून बाद झालं. पुढे माँट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली, तेव्हा सहगलांनी तो जीवाणू घरच्या फ्रीझरमध्ये सांभाळून ठेवला. १९९९ साली अमेरिकेत या औषधाला मूत्रपिंडरोपणासाठी मान्यता मिळाली.

त्याचा नेम ज्या प्रथिनावर, त्या ‘टॉर’चा शोध आधी यीस्टमध्ये लागला. खाणंपिणं मुबलक आहे, वाढत राहा, असा निरोप पेशीला देणारं हे प्रथिन यीस्टमध्ये, उंदरात आणि तुमच्या-माझ्यात जवळपास सारखंच. हीच त्याची ताकद आणि हीच अडचण. २००९ मध्ये उतारवयातल्या उंदरांना ते दिलं, तर नर ९ टक्के आणि माद्या १४ टक्के जास्त जगल्या. माणसाचं आयुष्य त्याने वाढतं, हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही. उलट तोंडात फोड, रक्तातली चरबी वाढणं, जंतुसंसर्गाचा धोका हे त्याचे माहीत असलेले त्रास. आणि वर पिंपळगावच्या मातोश्रींना दिलेलं औषध कुणी याच्या जोडीला घेतलं, तर रक्तातलं याचं प्रमाण भयंकर चढतं. मुलाला म्हणावं, त्या पैशात तिकीट काढून भेटायला ये.

प्रश्न : नागिणीची लस घेतली की स्मृतिभ्रंश टळतो, हे खरं का? (सिन्नर)

उत्तर : टळतो म्हणणं जास्तीचं होईल, पण बातमी पोकळ नाही. वेल्समध्ये २०१३ साली लस सुरू झाली, ती २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच. तारखेच्या अलीकडच्या-पलीकडच्या लोकांची तुलना केली, तर लस घेतलेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारे २० टक्के कमी आढळला, बायकांत फरक जास्त. २०२५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो आणि उतारवयात नागीण म्हणून उठतो. त्याचा मेंदूशी नेमका काय संबंध, हे अजून उलगडायचं आहे. ती लस जुनी होती. आता आपल्याकडे मिळते ती वेगळ्या प्रकारची, पन्नाशीपुढे दोन डोस, आणि महाग. नागिणीच्या वेदना ज्यांनी घरात पाहिल्या असतील, त्यांना लस घ्यायला तेवढं कारण पुरेल.