वय वाढल्यावर हिवाळ्यातही धावण्याचा सराव अखंड कसा ठेवावा?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय ५८ आहे, एरवी आठवड्यातून चार-पाच दिवस धावणे सहज जमते, पण थंडी सुरू झाली की सराव विस्कळीत होतो आणि गेली तीन वर्षे थंडी ओसरल्यावर प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागली आहे. शिस्त कशी आणावी आणि ट्रेडमिलवर भागेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी ६४ वर्षांची आहे आणि गेली २२ वर्षे धावते आहे. या प्रश्नातून मी स्वतः गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वर्षातले आठ-नऊ महिने चार-पाच दिवस धावणाऱ्या माणसापाशी शिस्त असतेच. थंडीत मोडतो तो बहुधा आपला आराखडा, कारण तो उबदार आणि उजेडाच्या दिवसांसाठी आखलेला असतो. तोच आराखडा अंधारात आणि बोचऱ्या वाऱ्यात पाळायला गेलो की एक दिवस चुकतो, मग आठवडा हुकल्यासारखा वाटतो आणि ‘आता थंडी संपल्यावरच नीट सुरू करू’ असे मन म्हणू लागते. माझ्याकडून ५८व्या वर्षी हेच झाले. सात आठवडे मी काहीच केले नाही आणि नंतर पूर्वीच्या वेगाची आठवण धरून थेट पूर्वीइतके अंतर धावू लागले. तिसऱ्या आठवड्यात टाचेच्या वरची कंडरा दुखू लागली आणि त्या दुखण्याने पुढचे चार महिने घेतले. सात आठवड्यांच्या विश्रांतीची किंमत अशी जवळजवळ सहा महिने झाली. तेव्हापासून हिवाळ्यासाठी माझा एकच उद्देश असतो: प्रगती नाही झाली तरी चालेल, पण खंड पडू द्यायचा नाही.

या वयात खंड इतका महाग का पडतो, हे समजून घेतले तर थंडीत घराबाहेर पडणे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. सराव पूर्ण थांबला की पहिल्या काही दिवसांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण घटू लागते, त्यामुळे हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडते आणि त्याच वेगाला नाडी जास्त पडते. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीर्घ पल्ल्याचा उत्तम सराव असलेल्या खेळाडूंनी व्यायाम पूर्णपणे थांबवला होता. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे धावणारे ज्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात ती, पहिल्या २१ दिवसांत सुमारे ७ टक्क्यांनी उतरली आणि ५६ दिवसांनंतर मूळ पातळीच्या सुमारे १६ टक्के खाली येऊन स्थिरावली. व्यायाम न करणाऱ्यांमध्ये वयामुळे ही क्षमता दर दहा वर्षांत साधारण १० टक्क्यांनी घटते आणि नियमित सराव करणाऱ्यांमध्ये ती घट बरीच मंद असते. म्हणजे वयाचा उतार आपण सरावाने सौम्य करत असतो आणि हिवाळ्यातला मोठा खंड नेमका तोच आधार काढून घेतो. त्यातही कंडरा आणि सांध्यांभोवतीच्या ऊती हृदय आणि फुफ्फुसांपेक्षा सावकाश जुळवून घेतात. थंडीनंतर दोन-तीन आठवड्यांत दम परत येतो, पण पोटरी आणि टाच तयार झालेली नसते. माझी दुखापत त्याच अंतरात झाली.

आता दिलासा देणारी गोष्ट. क्षमता मिळवायला जितका सराव लागतो, त्याहून बराच कमी सराव ती टिकवायला पुरतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या प्रयोगांमध्ये काही जणांनी दहा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज ४० मिनिटे कठोर सराव केला आणि नंतर पंधरा आठवडे तो कमी केला. दिवस चार किंवा दोन केले तरी व्हीओटू मॅक्स टिकली. वेळ २६ किंवा १३ मिनिटांवर आणली तरी ती टिकली, मात्र १३ मिनिटेच सराव करणाऱ्यांची दीर्घकाळ तग धरण्याची ताकद कमी झाली. जेव्हा सरावाची तीव्रता कमी केली तेव्हा मात्र क्षमता उतरली. ती माणसे तरुण होती, त्यामुळे आपल्या वयात मी दोन दिवसांवर विसंबणार नाही, पण दिशा स्पष्ट आहे: हिवाळ्यात वेळ कमी करा, अंतर कमी करा, आणि आठवड्यातून एकदा थोडे वेगाने धावणे मात्र सोडू नका.

त्यानुसार माझा हिवाळ्याचा आठवडा चार दिवसांचा असतो. दोन दिवस ३० ते ४० मिनिटे इतक्या सावकाश, की पूर्ण वाक्य न थांबता बोलता यावे. एक दिवस अंग चांगले तापल्यावर २०-२० सेकंदांचे सहा ते आठ वेगवान पण ओढाताण नसलेले टप्पे आणि प्रत्येकानंतर पूर्ण श्वास परत येईपर्यंत चालणे. हवा बरी असेल तर त्याऐवजी तीन-तीन मिनिटांचे चार टप्पे. एक दिवस साधारण ७० मिनिटांची लांब धाव. हे सगळे मी मिनिटांत मोजते, किलोमीटरमध्ये नाही, कारण वारा, जाड कपडे आणि निसरडी वाट यांमुळे थंडीत त्याच श्रमाला वेग कमी पडतो आणि घड्याळातील वेगाचा आकडा पाहून माणूस विनाकारण खचतो.

याच्या जोडीला दोन नियम मी काटेकोरपणे पाळते. पहिला, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू द्यायचा नाही. आजारपण आणि दुखापत एवढाच अपवाद. दुसरा, कोणत्याही दिवशी बाहेर पडून दहा मिनिटे धावल्यावर घरी परतण्याची मुभा मला आहे आणि तसे परतले तरी तो दिवस धावल्याचा म्हणूनच वहीत लिहिला जातो. ही मुभा खरीखुरी असली पाहिजे; मनातून ती लबाडी ठरवलीत तर उपयोग होणार नाही. गेल्या सहा हिवाळ्यांत मी दहा मिनिटांवरून परतल्याचे प्रसंग मोजके आहेत, कारण कठीण भाग दारापासून पहिल्या वळणापर्यंतचाच असतो.

वेळेबद्दलही फेरविचार करा. पहाटेच धावले पाहिजे हा आग्रह अनेकांचा सराव बुडवतो. तुम्हाला कामाच्या वेळेतून शक्य असेल तर हिवाळ्यात दुपारी धावा. ऊन असते, जमीन कोरडी असते आणि वाहनचालकाला तुम्ही दिसता. अंधारात धावण्यावाचून गत्यंतर नसेल तर डोक्याला दिवा, अंगावर प्रकाश परतवणाऱ्या पट्ट्या आणि पदपथ नसल्यास समोरून येणारी वाहने दिसतील अशी रस्त्याची बाजू, या तीन गोष्टींत तडजोड नको.

थंड हवेत शरीरावर येणाऱ्या ताणाविषयी मात्र गंभीरपणे बोलले पाहिजे. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. हृदयविकाराचे झटके थंडीच्या दिवसांत वाढतात आणि अंग न तापवता एकदम केलेले जड श्रम विशेष धोक्याचे ठरतात. म्हणून मी घरातच दहा-बारा मिनिटे चालणे, गुडघे उचलणे, हलक्या उठाबशा असे काहीतरी करून अंगात ऊब आल्यावरच बाहेर पडते, आणि पहिली दहा मिनिटे लाज वाटावी इतकी सावकाश जाऊ देते. तुम्हाला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा पूर्वीचा त्रास असेल तर हिवाळ्यापूर्वी डॉक्टरांना भेटून वेगवान टप्प्यांविषयी स्पष्ट विचारा. छातीत दडपण, जबडा किंवा हातात पसरणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, भोवळ यांपैकी काहीही जाणवले तर त्याच क्षणी थांबा आणि मदत मागा. ‘थोडे पुढे जाऊन पाहू’ असे म्हणू नका.

नाडीच्या आकड्यांबाबतही एक सावधगिरी सांगते. २२० मधून वय वजा करण्याचे सूत्र सगळ्यांना पाठ असते, पण ते अगदी ढोबळ आहे. २००१ मध्ये सुचवलेल्या दुसऱ्या सूत्रात २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करतात. साठाव्या वर्षी पहिले सूत्र १६० सांगते आणि दुसरे १६६, आणि प्रत्यक्ष माणसाची कमाल हृदयगती दोन्हींपासून दहा-बारा ठोके इकडेतिकडे असू शकते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील औषध चालू असेल तर नाडी मुळातच दबलेली राहते आणि घड्याळाचा आकडा श्रम कमी दाखवतो. अशा वेळी बोलता येते का, हीच कसोटी अधिक विश्वासाची.

कोरडी, थंड हवा श्वासनलिकेला झोंबते आणि काहींना खोकला किंवा छातीत घरघर होते. तोंडावर पातळ कापडी पट्टा ओढला की आत जाणारी हवा जरा उबदार आणि दमट होते. तरीही घरघर राहिली तर तपासून घ्यावे, कारण श्रमाने उद्भवणाऱ्या दम्यावर चांगले उपचार आहेत. कपड्यांसाठी मी हवामान दहा अंशांनी अधिक उबदार आहे असे समजून तयार होते. पहिली काही मिनिटे किंचित गारठा वाटला म्हणजे कपडे बरोबर आहेत. अंगालगत सुती कपडा नको, तो घाम धरून ठेवतो. धावून आल्यावर ओले कपडे पाच मिनिटांत बदला, कारण वयानुसार रक्तवाहिन्या आकुंचित करून आणि कुडकुडून ऊब राखण्याची शरीराची ताकद क्षीण होते. पाण्याचेही तसेच: थंडीत तहान कमी लागते आणि वयामुळेही ती कमी लागते, तेव्हा तहानेची वाट न पाहता पाणी प्या.

बर्फाच्या किंवा गोठलेल्या वाटेवर आपल्या वयात धावू नये, असे माझे ठाम मत आहे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात आणि पुरुषांचीही सावकाश होत असतात. मनगट किंवा खुबा मोडला तर एक हिवाळा नव्हे, वर्ष जाते. त्या दिवशी ट्रेडमिल वापरा. तुमच्या त्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. हवेचा विरोध भरून काढण्यासाठी १ टक्का चढ ठेवावा असे सांगतात, परंतु आपल्या वेगाला तो फरक नगण्य आहे. मी चढ मुद्दाम दर चार-पाच मिनिटांनी बदलते, ते पाऊल एकाच साच्यात पडत राहू नये म्हणून. मात्र सगळा हिवाळा पट्ट्यावर काढून थंडी संपताच कठीण रस्त्यावर उतरलात तर पोटऱ्या तक्रार करतील, तेव्हा आठवड्यातून एखादी धाव तरी बाहेर असू द्या.

धावण्याखेरीज आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे ताकदीचा व्यायाम करा. वयानुसार वेगवान हालचालींचे स्नायुतंतू आधी झिजतात आणि केवळ सावकाश धावण्याने ते राखले जात नाहीत. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा सावकाश वर-खाली करणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि एका पायावर उभे राहणे, एवढ्यानेही घोट्यात आणि मांडीत फरक जाणवतो. माझी टाच चार महिन्यांनी बरी झाली ती पहिल्या व्यायामामुळे, आणि तो मी अजून सोडलेला नाही.

एड व्हिटलॉक यांचे उदाहरण मला हिवाळ्यात नेहमी आठवते. कॅनडातील या धावपटूने २००४ मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, टोरोंटोची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पूर्ण केली. त्यांचा सराव म्हणजे घराजवळच्या दफनभूमीतील लहानशा वाटेवर संथ गतीने, कधी तीन-तीन तास, मारलेल्या फेऱ्या. तीन तास आपल्यासाठी नाहीत, पण घराजवळची लहान फेरी ही कल्पना मी उचलली. रोज कुठे जायचे हा प्रश्न उरत नाही, वारा फार वेळ सलग तोंडावर येत नाही आणि हवा बिघडली तरी घर पाच मिनिटांवर असते.

सर्दी झाली तर काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण हिवाळ्यात तो प्रसंग येणारच. नुसते नाक वाहत असेल, तर सावकाश वीस मिनिटे चालतील. ताप, अंगदुखी किंवा छातीतला खोकला असेल, तर पूर्ण विश्रांती. ताप जितके दिवस होता तितके दिवस, तो उतरल्यावरही, मी फक्त चालते.

थंडी ओसरू लागेल तेव्हा या वेळी तुमची सुरुवात शून्यापासून नसेल आणि म्हणूनच एकदम जोर करण्याचा मोह होईल. पहिले तीन आठवडे दिवसांची संख्या हिवाळ्याइतकीच ठेवा आणि लांब धावेत दर आठवड्याला पाच ते दहा मिनिटेच वाढवा. चौथ्या आठवड्यात पाचवा दिवस जोडा, आणि वेगवान टप्पे त्यानंतर, पोटऱ्यांनी दोन आठवडे काही कुरकुर केली नाही तरच वाढवा.